थंड पाण्यातील डायव्हिंगसाठी बॅकप्लेट आणि विंग कशी निवडावी

सातारा-सांगलीकडे जे विहिरीत पोहायला शिकले, त्यांना पाठीला बांधलेला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा बंद डबा काय काम करतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. डबा लहान पडला तर नाकातोंडात पाणी जाते. वाजवीपेक्षा मोठा झाला तर तो स्वतः वर यायला बघतो आणि शिकणाऱ्याचे तोंड पाण्यात दाबतो. स्कूबातील विंग, म्हणजे बॅकप्लेट या पाठीवरच्या धातूच्या पत्र्याला जोडलेली हवेची पिशवी, हाही पाठीवरचा डबाच आहे, फक्त त्यातील हवा आपल्याला कमीजास्त करता येते. त्यामुळे विंग घेताना ‘मोठी असलेली बरी’ हा विचार कामाचा नाही. साताऱ्यातून मागवलेली माझी पहिली विंग विक्रेत्याच्या सल्ल्याने २७ किलो उचलीची, म्हणजे जोड सिलिंडरसाठी योग्य अशी होती. एका सिलिंडरवर तिच्या दोन्ही कडा वर वळून सिलिंडरला पुरणपोळीच्या घडीसारख्या लपेटत आणि आत अडकलेली हवा ती बाहेर सोडणाऱ्या डंप व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नसे.

तारकर्लीच्या कोमट पाण्यात पातळ सूट पुरतो आणि भाड्याने मिळणारे हवा भरायचे साधे जॅकेटही चालून जाते. आइसलँडमधील सिल्फ्रा भेगेत पाणी वर्षभर २ ते ४ अंश सेल्सिअस असते. स्कॉटलंडमधील स्कापा फ्लो येथे, जिथे २१ जून १९१९ रोजी जर्मन आरमाराने स्वतःची जहाजे बुडवली, तिथले पाणीही उन्हाळ्यात आपल्याला गारच वाटेल. अशा ठिकाणी सूट जाड होतो, जाड सूट जास्त तरंगतो, तो बुडवायला जास्त शिसे लागते आणि ते शिसे पेलण्यासाठी विंग लागते. निवडही याच क्रमाने, म्हणजे सूटपासून सुरू करून, करावी.

प्रथम सूटची उचल मोजावी. मी माझा ७ मिलिमीटरचा दोन भागांचा वेटसूट कांद्याच्या जाळीदार पिशवीत भरला, मळ्यातल्या विहिरीत बुडवून, दाबून त्यातील बुडबुडे काढले आणि पिशवी जेमतेम बुडेपर्यंत तीत शिशाचे तुकडे टाकत गेलो. ९ किलो शिसे लागले. शिशाचेही पाण्यात सुमारे एक-अकरांश वजन घटते, म्हणून सूटची खरी उचल ८ किलोंच्या आसपास धरली. विहिरीचे पाणी गोडे आणि समुद्राचे सुमारे अडीच टक्के जड. त्यामुळे सगळ्या सामानासह आपले वजन ११० किलो भरत असेल, तर समुद्रात पावणेतीन किलोंच्या आसपास शिसे वाढते, हे हिशेबात घ्यावे.

आता खोलीचा विचार. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, म्हणून सूटच्या निओप्रीनमधील, म्हणजे बुडबुडे असलेल्या रबरातील, वायू जास्तीत जास्त चौथाईपर्यंत आकसू शकतो. माझ्या सूटची ८ किलोंपैकी ६ किलो उचल तिथे गेली असे धरणे सुरक्षित. त्यात हवेचे वजन मिळवायचे. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाला २,४०० लिटर हवा मावते आणि लिटरला सव्वा ग्रॅमच्या आत-बाहेर वजन धरले तर ती जवळजवळ ३ किलो भरते. सिलिंडर रिकामे होत आल्यावरही आपल्याला वर उसळू न देण्याइतके शिसे आपण सुरुवातीपासूनच बाळगतो, त्यामुळे डायव्हच्या आरंभी हे ३ किलो जादाच असतात. एकूण ९ किलोंचा भार झाला, त्यावर दोन-तीन किलोंची शिल्लक ठेवली की १२ किलो. दुसरी कसोटी अशी की, अंगातून काढलेला सगळा संच भरलेल्या सिलिंडरसह विंगवर एकटा तरंगला पाहिजे. सिलिंडर, श्वास घेण्याचा रेग्युलेटर आणि प्लेट पाण्यात ताणकाट्याला लावून प्रत्येकाचे वजन घ्यावे, त्यात संचाला अडकवलेले शिसे धरावे आणि दोन कसोट्यांपैकी जो आकडा मोठा येईल तो घ्यावा. माझ्या बाबतीत ३० पौंडांची, म्हणजे साडेतेरा किलोंची विंग पुरली.

प्लेटची निवड हा त्याच हिशेबाचा भाग आहे. ३ मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट अडीच-पावणेतीन किलोंची असते आणि पाण्यात त्यातले सुमारे सव्वादोन किलो कामाला येतात. ॲल्युमिनियमची प्लेट किलोभरच असल्याने तेवढे शिसे पट्ट्यावर घालावे लागते. थंड पाण्यासाठी मी पोलादी प्लेटच सुचवीन, कारण भार कमरेवर न लटकता फुप्फुसांच्या मागे, पाठीवर पसरतो आणि शरीर आडवे राहते. विमानाच्या सामानात वजनाची काटकसर करावी लागत असेल, तरच ॲल्युमिनियम घ्यावे.

मात्र सगळा भार प्लेटवर चढवण्याचा मोह आवरावा. विंग खोलवर फाटली तर ९ किलोंचा भार केवळ पाय मारून वर नेणे बहुतेकांना झेपणार नाही, म्हणून निम्म्याहून अधिक भार सोडून देता येईल असा, पट्ट्यावर किंवा निसटत्या थैल्यांत असावा. त्यातही अडचण आहेच: शिसे सोडून वर येताना सूट पुन्हा फुगतो आणि वेग आवरत नाही. जाड वेटसूट आणि जड पोलादी जोड सिलिंडर ही जोडी मला म्हणूनच मुळीच मान्य नाही. तितक्या खोल आणि थंड पाण्यात ड्रायसूटच, म्हणजे आत पाणी येऊ न देणारा सूटच, घालावा. त्यात हवा भरून उचल राखता येते आणि विंग निकामी झाली तर तो दुसरा आधार होतो. ड्रायसूटमध्ये पाणी शिरले तर ते पाणी माणसाला खाली ओढते, असे अनेकजण मानतात. पाण्यात पाण्याचे वजन जाणवत नाही. जाते ती आतल्या कपड्यांत अडकलेल्या हवेची उचल, आणि ड्रायसूटवाल्याने विंगचे माप त्या तुटीवरून काढावे.

विंगच्या आकारात फारसे अडकू नये. एका सिलिंडरसाठी वर्तुळाकार विंग सोयीची, कारण हवा दोन्ही बाजूंना फिरते आणि सोडताना एका कडेला अडकून राहत नाही. बाहेर जाड नायलॉनचे आवरण आणि आत वेगळी पिशवी अशी रचना खडकाळ जागी टिकते. विंगमध्ये हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरचे बटण मात्र दुकानातच जाड हातमोजे घालून दाबून पाहावे, डंप व्हॉल्व्हची दोरीही तशीच ओढून पाहावी. प्रसरण पावणारी हवा गार होते, म्हणून गारठलेल्या पाण्यात इन्फ्लेटरचे बटण सतत धरून ठेवल्यास ते गोठून उघडे राहण्याचा धोका असतो. थोडी थोडी हवा भरावी आणि भरताना शक्यतो श्वास घेऊ नये. इन्फ्लेटरची नळी झटकन सुटते की नाही, हेही मोज्यांसकटच तपासावे.

हार्नेस, म्हणजे प्लेट अंगाला बांधणारा पट्टा, ५० मिलिमीटर रुंदीच्या एकाच अखंड पट्टीचा असावा. तो घरी टी-शर्टवर बसवून पाहण्याची चूक मी केली आणि ड्रायसूट चढवल्यावर कमरेचे बकलच लागेना. सूट आणि आतले कपडे घालून, खांद्याच्या पट्टीखाली तळहात सहज जाईल इतकी ढिलाई ठेवून, मान न वळवता हात मागे नेऊन प्लेटची वरची कड बोटांना लागते का, हे पाहावे. छातीच्या कड्या काखेच्या रेषेत येऊ द्याव्यात. क्रॉच स्ट्रॅप, म्हणजे पायांमधून जाणारा पट्टा, विसरू नये. तो नसेल तर फुगलेली विंग मानेकडे सरकते, तोच विहिरीतला डबा. शिशाच्या थैल्या मी महामार्गालगतच्या ताडपत्री शिवणाऱ्या कारागिराकडून शिवून घेतल्या. पट्टी कापण्याची घाई मात्र करू नये: तीन-चार डायव्ह होऊन माप पक्के झाल्यावरच जादा टोक कापावे आणि धागे निघू नयेत म्हणून ते मेणबत्तीवर वितळवून, गार होण्यापूर्वी चमच्याच्या पाठीने दाबून घ्यावे, गाठ राहिली तर बकल ओवताना पट्टी तिथेच अडते.