पटकथेचं सॉफ्टवेअर घेण्याआधी ‘कुऱ्हाड’ लिहून बघा

पडद्यासाठी लिहायला लागलेली मुलं भेटली की पहिला प्रश्न बहुतेकदा हाच असतो: ‘ताई, फायनल ड्राफ्ट घेऊ का?’ म्हणजे त्या नावाचं पटकथा लिहायचं सॉफ्टवेअर. मी उलट विचारते, ‘संवाद कुठल्या लिपीत लिहिणार? आणि फाइल कुणाकुणाकडे जाणार?’ या दोन गोष्टी ठरल्याशिवाय सॉफ्टवेअरवर एक रुपयाही घालू नये, असं माझं ठाम मत आहे. मराठीत लिहिणाऱ्याने तर नाहीच.

मी रोजच्या मालिकेच्या संवादलेखनातून या कामात आले. रात्री वनलाइन (कुठल्या सीनमध्ये काय घडतं, याचा थोडक्यात आराखडा) यायची आणि सकाळी सीन सेटवर लागायचे. वर्डची साधी फाइल त्या कामाला पुरली आणि आजही पुरते. चित्रपट किंवा वेबमालिका हाती आली की मात्र गणित बदलतं. तिथे पटकथा ही वाचायची गोष्ट असते, तशीच मोजायचीही असते. दिग्दर्शनाचा सहायक तिचं ब्रेकडाउन, म्हणजे सीनवार फोड, करतो, पानाचे आठ भाग धरून ‘हा सीन दोन पूर्णांक तीन अष्टमांश पानांचा’ अशी नोंद करतो आणि त्यावर दिवसांचं शेड्यूल बसतं. कुठलं पात्र किती सीनमध्ये आहे, वाड्यातले रात्रीचे सीन किती, याच्या याद्या लागतात. सीनचं शीर्षक, वर्णन, पात्राचं नाव, संवाद हे घटक सॉफ्टवेअर वेगवेगळे ओळखतं, म्हणून त्या याद्या त्यातून आपोआप निघतात. वर्डमध्ये हे सगळं हाताने करावं लागतं आणि चौथ्या ड्राफ्टला चुका व्हायला लागतात.

आता लिपीचं. पटकथेच्या सॉफ्टवेअरची सगळी बांधणी इंग्रजीभोवती झालेली आहे. कुरिअर फॉन्ट, १२ पॉइंट, प्रत्येक अक्षराला सारखी जागा आणि त्यावर उभा राहिलेला ‘एक पान म्हणजे साधारण एक मिनिट’ हा ठोकताळा. देवनागरीत हे चालत नाही. आपल्या अक्षरांची रुंदी सारखी नसते, वर मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे ओळीला उंची जास्त लागते, त्यामुळे पानावर ओळी कमी मावतात. माझा देवनागरीतला १२८ पानांचा एक ड्राफ्ट घड्याळ लावून वाचला तेव्हा १०५ मिनिटांचा भरला. निर्मात्याने नुसता पानांचा आकडा पाहून ‘वीस पानं कापा’ म्हटलं असतं, तर चांगले सीन गेले असते. म्हणून पान मोजण्यापेक्षा मोठ्याने वाचून वेळ लावा. हे कुठलंही सॉफ्टवेअर तुमच्यासाठी करणार नाही.

फायनल ड्राफ्टमध्ये युनिकोड (जगातल्या लिप्यांची अक्षरं संगणकावर साठवायची सामायिक पद्धत) २०१८च्या अकराव्या आवृत्तीत आलं. त्याआधीची आवृत्ती कुणी ‘माझ्याकडे पडून आहे, घे’ म्हणून दिली, तर मराठीसाठी ती घेऊ नका. श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या युनिकोडआधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पटकथा असेल तर ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या आणि रूपांतर झाल्यावर ओळ न् ओळ तपासा. जोडाक्षरं हमखास बिघडलेली असतात.

युनिकोड आहे एवढ्यावरही विसंबू नका. चाचणीची प्रत मिळत असेल तर ती उतरवा (फायनल ड्राफ्ट तीस दिवस मोफत वापरता येतं) आणि हे वाक्य टाइप करा: ‘दुसऱ्या दिवशी कृष्णाच्या आईनं ऑफिसातल्या कॅमेऱ्याकडे पाहून कुऱ्हाड खाली ठेवली.’ ‘दिवशी’तली पहिली वेलांटी द-च्या आधी दिसते का? ‘कॅमेऱ्या’तला र अर्धाच राहिला की त्याचा रफार झाला? ‘ऑ’ची चंद्रकोर जागेवर आहे? मग त्याची पीडीएफ काढा आणि तिच्यात ‘कुऱ्हाड’ शोधा. पडद्यावर सुरेख दिसणारा शब्द पीडीएफमध्ये सापडतच नाही, असं बऱ्याचदा होतं. सेटवरच्या वस्तू जमवणारा प्रॉपर्टीवाला मुलगा याच पीडीएफमधून कुऱ्हाड शोधणार असतो, म्हणून ही परीक्षा मी सोडत नाही.

याच ‘ऱ्या’ने मला एकदा चांगलंच दमवलं होतं. माझ्या एका गोष्टीत ‘गोऱ्या’ नावाचं पात्र होतं. अर्धे सीन मी लॅपटॉपवर लिहिले, अर्धे प्रवासात फोनवर. पात्रांच्या यादीत दोन गोऱ्या आले. दिसायला हुबेहूब सारखे. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारांनी लिहिता येतो आणि माझे दोन कीबोर्ड दोन वेगळ्या प्रकारांनी लिहीत होते. तेव्हापासून पात्रांची नावं मी एकदाच टाइप करते आणि पुढे सॉफ्टवेअर सुचवेल तेच निवडते.

मग रोमनमध्येच लिहावं का? मुंबईतल्या ओटीटीच्या कामात वर्णन इंग्रजीत आणि संवाद रोमन लिपीत अशी मागणी सर्रास येते, कारण वाचणाऱ्यांत देवनागरी सराईतपणे न वाचणारे असतात. मागणी आली तर मी तशी प्रत देते. पण लिहिते देवनागरीत. रोमनमध्ये ‘काल’, ‘काळ’ आणि ‘कळ’ यांच्यातला फरक पुसला जातो, ‘माला’ आणि ‘माळा’ एक होतात. रंगभूमीवरून आलेला नट रोमन पानावर अडखळतो आणि त्याचा सूर जातो, हे मी वाचनाच्या बैठकीत पुन्हा पुन्हा पाहिलंय. आपल्या भाषेतला संवाद नटाच्या हातात आपल्या लिपीत पडावा, यासाठी मी प्रत्येक कामात आग्रह धरते.

देवनागरीत लिहिणाऱ्या नवख्याला मी आधी स्क्राइट बघायला सांगते. ते बंगळूरमध्ये तयार झालंय, मराठीसह अनेक भारतीय भाषा त्यात पहिल्यापासून धरलेल्या आहेत आणि इंग्रजी अक्षरांनी टाइप करून मराठी उमटवता येतं. सीनची कार्डं मांडून गोष्टीची रचना बघता येते, हे मला विशेष आवडतं. एकदाच पैसे भरायचे असतील तर फेड इनही तपासा.

तिसरा रस्ता आहे फाउंटनचा. हे सॉफ्टवेअर नाही, साध्या मजकुरात पटकथा लिहायची पद्धत आहे. नोटपॅडमध्येही लिहिता येते. मॅक असेल तर बीट हे मोफत सॉफ्टवेअर ही पद्धत वापरतं. फक्त एक मेख आहे: फाउंटन पात्राचं नाव कॅपिटल अक्षरांवरून ओळखतं आणि देवनागरीत कॅपिटल नसतात. त्यामुळे नावाआधी ॲट द रेटचं चिन्ह द्यावं लागतं आणि सीनचं शीर्षक मराठीत असेल तर त्याआधी एक टिंब. दोन दिवसांत बोटांना सवय होते.

दिग्दर्शक किंवा निर्मितीसंस्था फायनल ड्राफ्टच मागत असेल, तर वाद घालू नका. या उद्योगात तीच चलनी फाइल आहे. तिचा आजचा एफडीएक्स प्रकार २००९च्या आठव्या आवृत्तीपासून आहे. आतून ती एक्सएमएल, म्हणजे वाचता येणारा मजकूरच असतो, त्यामुळे इतर बहुतेक सॉफ्टवेअरं ती उघडतात आणि तयारही करतात. लिहा कशातही, देताना एफडीएक्स द्या. पण ती दुसऱ्या संगणकावर उघडून बघितल्याशिवाय पाठवू नका. फॉन्ट तिथे नसेल तर पानं हलतात.

पानं हलली की काय होतं, ते मी भोगलंय. वाईजवळ शूटिंग चालू होतं, पटकथा लॉक झालेली, म्हणजे शूटिंगसाठी पक्की ठरलेली होती. मी वापरत होते त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि एका रात्री मी अपग्रेड केलं. नव्या आवृत्तीने देवनागरीचा फॉन्ट बदलला. एकसष्टाव्या पानावरचा सीन चौसष्टाव्यावर गेला. मी एक संवाद दुरुस्त करून अख्खी फाइल पाठवली, सहायकाने तिचीच प्रिंट काढली आणि सकाळी सेटवर अर्ध्या लोकांच्या हातात जुनी पानं, अर्ध्यांच्या हातात नवी. ‘पान ६२’ म्हटलं की दोघं दोन सीन उघडायचे. ज्येष्ठ अभिनेत्री पाठ करून आली होती तो संवाद दुसराच निघाला. दीड तास गेला. त्या बाई मला एक शब्दही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मला आजही आठवतो.

लॉक झालेल्या पटकथेत बदल कसे करायचे, याची रीत ठरलेली आहे आणि ती नवख्यांनी पहिल्याच कामाआधी शिकून घ्यावी. पानांचे नंबर गोठवायचे. ६१ नंतर मजकूर वाढला तर ६१ ए पान येतं, ६२ जिथल्या तिथे राहतं. नवा सीन २४ ए होतो. बदललेल्या ओळीसमोर फुली येते. हॉलिवूडमध्ये बदलाच्या प्रत्येक फेरीला कागदाचा रंग बदलतात: पांढऱ्यानंतर निळा, मग गुलाबी, पिवळा, हिरवा. आपल्याकडे सगळे रंग कुणी वापरत नसेल, पण फक्त बदललेली पानं पाठवायची आणि वर तारीख घालायची, एवढं कटाक्षाने करावं. हे तुमचं सॉफ्टवेअर करतं की नाही, हे विकत घेण्याआधी बघा.

अपग्रेडबद्दल आता माझे नियम पक्के आहेत. ड्राफ्ट अर्धवट असताना नाही, लॉक झाल्यावर तर नाहीच. नव्या आवृत्तीतली कुठली सोय मला हवी आहे, ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. फायनल ड्राफ्टसारख्या ठिकाणी जुन्या ग्राहकाला अपग्रेड पूर्ण किमतीपेक्षा स्वस्त पडतं, पण स्वस्त आहे म्हणून मी घेत नाही. दरमहा भाडं भरायचं सॉफ्टवेअर असेल तर भाडं थांबल्यावर माझ्या फाइली मला उघडता येतील का, हे आधी विचारून घेते. कामं सलग मिळत नाहीत, रिकाम्या महिन्यात भाडं जड जातं आणि नेमकं तेव्हाच जुनी गोष्ट काढून बसायचं असतं.

अपग्रेडच्या आदल्या रात्री प्रत्येक पटकथेच्या तीन प्रती काढते: सॉफ्टवेअरची मूळ फाइल, पीडीएफ आणि साधा मजकूर. पीडीएफ तशीही लागते. पटकथालेखकांची संघटना असलेल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे पटकथेची ऑनलाइन नोंदणी करताना तीच द्यावी लागते. साधा मजकूर मात्र मी स्वतःसाठी ठेवते. माझी पहिली पटकथा ज्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लिहिली होती, ते आता नव्या लॅपटॉपवर चालतच नाही. ती गोष्ट आज माझ्याकडे आहे, कारण तेव्हा एका मित्राला वाचायला म्हणून मजकूर ईमेलमध्ये चिकटवून पाठवला होता.

सध्याच्या कामाच्या फाइलवर रोज सकाळी नव्या आवृत्तीची सूचना येते. आमचं शूटिंग २२ तारखेला संपतंय. २३ला तीन प्रती काढीन, ‘कुऱ्हाड’ शोधून बघेन आणि मग ठरवेन.