देवापुढे रडगाणं कसं गावं : स्तोत्रांनी प्रार्थना करण्याची रीत

आमच्या बायबल अभ्यासगटात नवीन आलेलं कोणी ना कोणी हमखास म्हणतं, "ताई, प्रार्थनेला बसलं की काय बोलावं तेच सुचत नाही." माझं उत्तर ठरलेलं आहे. सुचायची वाट बघू नका, बायबलमधलं स्तोत्रांचं पुस्तक, स्तोत्रसंहिता, उघडा. तिथे 150 प्रार्थना तयार आहेत. वधस्तंभावर खुद्द येशूच्या तोंडी आले ते 22 व्या आणि 31 व्या स्तोत्रातले शब्द. त्याला ते पुरले, तर आपण संकोच कशाला करायचा?

कुठलं स्तोत्र घ्यायचं? तारीख बघा आणि तिच्यात 30 मिळवत जा. 13 तारीख असेल तर 13, 43, 73, 103, 133. पाचांवरून नजर फिरवा आणि एकच घ्या. शक्यतो ओळखीचं सोडून दुसरं घ्या. आवडीचीच घेत राहिलात तर 23 आणि 121 यांच्यापलीकडे जाणं होत नाही. माझ्या मते निम्म्या लोकांची प्रार्थना तिथेच अडते.

मग मोठ्याने वाचा, निदान ओठ हलू द्या. नुसत्या डोळ्यांनी वाचलं की मन लगेच अर्थ लावायला धावतं आणि प्रार्थना राहून जाते. दुसऱ्यांदा वाचताना जिथे अडखळाल तिथे थांबा. तेच आजचं वचन.

13 वं स्तोत्र घेऊन बघू. अवघी सहा वचनं. पहिल्या दोनांत दावीद राजा चार वेळा देवाला विचारतो, कुठवर? कुठवर विसरणार, कुठवर तोंड लपवणार, मी कुठवर मनातल्या मनात झुरू, शत्रू कुठवर वरचढ राहणार? प्रत्येक प्रश्नाला थांबून आपली गोष्ट घाला, आणि ती नाव घेऊन घाला : लेकाची नोकरी, न उतरणारं दुखणं, सासरी न मिटलेला वाद. गुळमुळीत बोलू नका. तिसऱ्या-चौथ्या वचनात मागणं आहे : माझ्याकडे बघ, उत्तर दे. पाचव्यात एकदम भरवसा येतो. मधल्या मध्ये परिस्थिती पालटल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून मी सांगते, पाचव्या वचनाकडे पळत सुटू नका. मन चौथ्यापाशीच असेल तर आज तिथेच 'आमेन' म्हणा.

काही स्तोत्रांत तर असं भरवशाचं वचन येतच नाही. 88 वं अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. दिलासा नाही, शेवटी स्तुती नाही. तरी रात्रंदिवस हाक मारली जाते ती देवालाच. विश्वासाची माणसं कुरकुरत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हेच वाचायला देते.

शापांची स्तोत्रंही गाळू नका. 109 वं वाचताना अंगावर काटा येतो, यावाच. ज्याचा राग आलाय त्याचं नाव देवापुढे घ्या, पोटातलं सगळं ओका आणि सूड त्याच्यावर सोपवा. प्रेषित पौलाने रोमकरांस पत्रात, 12 व्या अध्यायात, हेच सांगितलंय. मात्र त्याच बैठकीत मत्तय 5:44, 'आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा', काढून त्या माणसासाठी दोन शब्द मागा. दात-ओठ खात मागितलेत तरी चालेल.

आता नेहमीची शंका : मी आज मजेत आहे, मग विलाप कशाला? तुम्ही मजेत असाल, चर्चच्या मंडळीत कोणाच्या तरी घरी नुकतीच मयत झालेली असेल. ते स्तोत्र त्यांच्या वतीने म्हणा. समासात पेन्सिलीने त्यांचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात तेच पान उघडलं की नाव समोर येतं आणि चौकशीचा फोन करायची आठवणही होते. देवाशी जवळीक वाढली की माणसं दूर जातात असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका.

वेळ पंधरा मिनिटं पुरे. शेवटी दोन मिनिटं काहीही न बोलता बसा. झोप आली तरी हरकत नाही. बसायला जमतच नसेल त्या दिवशी 131 वं म्हणा, तीनच वचनं आहेत.

राहिलं 119 वं. ते 29 तारखेला येतं आणि त्याची 176 वचनं पाहून लोक घाबरतात. त्या दिवशी ते सोडा. आठ-आठ वचनांची 22 कडवी आहेत. महिन्याला 31 तारीख असली की एकेक कडवं घ्या.