घरातले दोन कॉम्प्युटर, ॲपचा डेटा एकच

दोन्ही कॉम्प्युटरवर तोच मेल, तेच पासवर्ड, तेच हिशेब हवे असतील, तर फोल्डर शेअर करायला घेण्याआधी ॲप डेटा कसा साठवतं ते बघा. स्प्रेडशीट, नोट्स, फोटो अशा सुट्या फाइली असतील तर शेअर केलेला फोल्डर पुरतो. पण थंडरबर्ड (मेलचं ॲप), फायरफॉक्स (ब्राउझर) आणि अशी बरीच ॲप्स एसक्यूलाइट डेटाबेस वापरतात, म्हणजे बऱ्याच नोंदी एकाच फाइलीत ठेवतात. त्यात दोन कॉम्प्युटरवरून एकाच वेळी लिहिलं गेलं, की फाइल बिघडू शकते. कारण फाइलवर लावलेलं कुलूप नेटवर्कवर नेहमी पाळलं जातंच असं नाही. या डेटाबेसची 'वॉल' पद्धत (नवे बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलीत लिहायची) तर सगळे वापरणारे एकाच मशीनवर आहेत असं धरूनच चालते. म्हणून डेटाबेस शेअर केलेल्या फोल्डरमधून थेट उघडू नका. त्याची प्रत दोन्हीकडे ठेवा आणि ॲप बंद असताना ती जुळवून घ्या.

आधी सुट्या फाइलींचं बघू. विंडोज ११ मध्ये दोन्ही कॉम्प्युटरवर सेटिंग्जमध्ये नेटवर्क 'प्रायव्हेट' करा. मग ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग सुरू करा. जो कॉम्प्युटर जास्त वेळ चालू असतो, त्याच्या ड्राइव्हवर नवा फोल्डर करा. त्यावर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज, शेअरिंग, ॲडव्हान्स्ड शेअरिंग असं जा. परमिशन्समध्ये 'एव्हरीवन'ला सुरुवातीला फक्त वाचायची परवानगी असते. ती नोंद काढा आणि आपल्या युजरला 'चेंज' द्या. सिक्युरिटी टॅबमध्येही त्याच युजरला 'मॉडिफाय' हवं. दोन्हींपैकी जी परवानगी कमी, तीच लागू होते. फाइल उघडते पण सेव्ह होत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथलीच असते.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' वापरून या फोल्डरला ड्राइव्हचं अक्षर द्या. पत्त्यात आयपीऐवजी (नेटवर्कवरच्या आकडी पत्त्याऐवजी) कॉम्प्युटरचं नाव लिहा, कारण राउटर आयपी बदलू शकतो. लॉगिन मागितलं तर खात्याचा पासवर्ड द्या. पिन इथे चालत नाही आणि पासवर्ड नसलेल्या खात्याला नेटवर्कवरून प्रवेश मिळत नाही. मुख्य कॉम्प्युटरचं स्लीप बंद करायला विसरू नका. तो झोपला की ड्राइव्ह गायब होतो. काही ॲप्स अशा वेळी नवा रिकामा डेटा तयार करतात आणि सगळं पुसलं गेल्यासारखं वाटतं. घाबरू नका, त्या रिकाम्या ॲपमध्ये काही सेव्ह करू नका. ॲप बंद करा, ड्राइव्ह जोडा, मग पुन्हा उघडा.

आता डेटाबेसवाली ॲप्स. थंडरबर्डचं उदाहरण घेऊ. मेल आयमॅपवर असेल, म्हणजे सर्व्हरवरच राहत असेल, तर ही सगळी खटपट करूच नका. दोन्हीकडे तेच खातं जोडलं की मेल सर्व्हरवरून येतो. पॉप वापरत असाल, म्हणजे मेल कॉम्प्युटरवर उतरवून ठेवत असाल, तर मात्र प्रोफाइल (ॲपचा सगळा डेटा असलेला फोल्डर) जुळवावं लागतं. हेल्प मेनूतल्या ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशनमध्ये प्रोफाइल फोल्डर उघडायचं बटण आहे. तो फोल्डर ॲपडेटातल्या रोमिंगमध्ये असतो. ॲपडेटा लपवलेला असल्यामुळे तो एक्सप्लोररमध्ये सहज दिसत नाही.

जुळवण्यासाठी सिंकथिंग हा फोल्डर सारखे ठेवणारा प्रोग्राम चांगला. ते फुकट आहे आणि डेटा थेट एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जातो. दोन्हीकडे इन्स्टॉल करा, एकमेकांचे डिव्हाइस आयडी टाका, प्रोफाइल फोल्डर शेअर करा आणि दुसरीकडे तो तिथल्या प्रोफाइल फोल्डरच्या जागी स्वीकारा. फाइल व्हर्जनिंग 'सिंपल' ठेवून जुन्या पाच प्रती राखा. 'पॅरेंट डॉट लॉक' ही फाइल दुर्लक्ष करायच्या यादीत घाला, कारण ती फक्त 'ॲप इथे चालू आहे' एवढंच सांगते. दोन्ही कॉम्प्युटर एकाच वेळी चालू असतील तरच डेटा पोचतो.

रोजचा क्रम असा: एकीकडे ॲप बंद करा. टास्क मॅनेजरमधून त्याची प्रोसेस जाईपर्यंत थांबा, कारण खिडकी बंद झाली तरी मागे लिहिणं चालू असू शकतं. दुसरीकडे सिंकथिंगमध्ये 'अप टू डेट' दिसलं की मगच ॲप उघडा. घाई केली तर नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' असलेली फाइल तयार होते. डेटाबेसच्या अशा दोन प्रती एकत्र करता येत नाहीत. एक निवडावी लागते आणि दुसरीतले बदल जातात.

ॲप बंद झाल्यावरही डेटाबेसच्या शेजारी 'वॉल'ने संपणारी फाइल उरली असेल, तर ॲप नीट बंद झालेलं नाही. ताज्या नोंदी त्या फाइलीत असू शकतात. फक्त मुख्य फाइल कॉपी केली तर त्या हरवतील. त्याच कॉम्प्युटरवर ॲप उघडून पुन्हा शांतपणे बंद करा.

दोन्हीकडे ॲपची आवृत्ती एकच हवी. नवी आवृत्ती डेटाबेसची रचना बदलते आणि मग जुनी तो उघडायला नकार देते. फायरफॉक्समध्ये ही अडवणूक २०१९ च्या ६७ व्या आवृत्तीपासून आहे. अपडेट दोन्ही कॉम्प्युटरवर एकाच दिवशी उरका.

पासवर्ड साठवणारं कीपास २ मात्र या कामात समजूतदार आहे. सेव्ह करताना फाइल दुसरीकडून बदललेली आढळली, तर ते 'सिंक्रोनाइझ'चा पर्याय देतं. तोच निवडा. 'ओव्हरराइट' केलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून टाकलेले पासवर्ड जातील.

जुळवणी म्हणजे बॅकअप नव्हे. एकीकडे चुकून डिलीट केलेलं थोड्याच वेळात दुसरीकडेही डिलीट होतं. म्हणून आठवड्यातून एकदा, ॲप बंद असताना, पूर्ण फोल्डर वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि काम झालं की ती डिस्क काढून ठेवा.