बॉयलर पेटण्याआधी इंट्रानेट : साखर कारखान्याच्या ईडीपी (संगणक) विभागासाठी तयारीची यादी

कृष्णाकाठच्या साखर कारखान्यात इंट्रानेटला, म्हणजे कारखान्याच्या आतल्या संकेतस्थळाला, हात लावायचा तो जून ते सप्टेंबरमध्येच. एकदा मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झाले, की शेतकी विभाग, वजनकाटा आणि टाइम ऑफिसला मान वर करायला फुरसत नसते. हंगामात एखादा मेनू जरी जागचा हलला, तरी ईडीपीचा फोन दिवसभर वाजत राहतो. नवे होमपेज, नवे रंग, नवा लोगो हे सगळे यादीत शेवटी ठेवा. आधी नको ते काढायचे, मग प्रत्येक पानाला धनी नेमायचा, मग शोध दुरुस्त करायचा.

जूनमध्ये मोजदाद. सर्व्हरवरून सगळ्या पानांची आणि फायलींची यादी एका एक्सेलमध्ये ओढा. रकाने सात पुरतात: पत्ता, शीर्षक, विभाग, धनी, शेवटचा बदल, गेल्या बारा महिन्यांतल्या भेटी, निर्णय. निर्णयाचे पर्याय चारच ठेवा: ठेवा, दुरुस्त करा, दुसऱ्यात मिळवा, काढा. ‘नंतर बघू’ हा पाचवा पर्याय सुरू झाला की निम्मी यादी त्यातच जाऊन बसते. वर्षभरात कोणी न उघडलेले पान काढण्याआधी एकदा संबंधित विभागाला विचारा, कारण अपघाताचा नोंद-नमुना किंवा अग्निशमनाचा आराखडा वर्षभर कोणी उघडला नाही ही चांगलीच गोष्ट असते. एकाच रजा अर्जाचे तीन-चार नमुने हमखास सापडतील, ‘फायनल’, ‘नवीन फायनल’ अशा नावांनी. त्यातला चालू कोणता, हे लेबर ऑफिसरकडून लेखी घ्या आणि नमुन्याच्या तळाला लागू झाल्याची तारीख छापा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विभाग, मग विषय. या क्रमाने नावे दिली की यादी आपोआप तारखेवार लागते.

धनी नेमताना माणसाचे नाव लिहू नका, हुद्दा लिहा, आणि सोबत एक बदली हुद्दाही. माणूस निवृत्त होतो किंवा डिस्टिलरीकडे बदलून जातो, पान मात्र त्याच्या नावावर पडून राहते. प्रत्येक पानाला फेरतपासणीची तारीख असावी. पगार, रजा, सुरक्षितता या पानांना सहा महिने, बाकीच्यांना वर्ष. तारीख उलटली की धन्याला निरोप जावा, पंधरा दिवसांत उत्तर नाही आले तर पानाच्या माथ्यावर ‘माहिती तपासलेली नाही’ अशी पट्टी लागावी आणि त्यानंतर महिन्याने पान झाकले जावे. पट्टी लागली की विभागप्रमुख जागे होतात. निरोपाने सहसा होत नाहीत.

लोकांना काय हवे आहे, हे मीटिंगमध्ये कळत नाही. टाइम ऑफिसच्या खिडकीवर दोन आठवडे एक वही ठेवा आणि आलेला माणूस जे बोलला ते त्याच्याच शब्दांत उतरवा. पगारपत्रक, शिल्लक रजा, पाळीचा तक्ता, पीएफचा यूएएन, अमक्या साहेबांचा एक्स्टेंशन नंबर असेच काहीसे त्यात येईल. पहिल्या पडद्यावरच्या पहिल्या आठ जागा या वहीतून ठरवा. चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाचा फलक येणारच, त्याला कोणी नाही म्हणू शकत नाही; पण तो किती दिवसांनी उतरेल आणि फोटो किती केबीचा असेल, हे एमडी साहेबांच्या सहीने आधीच ठरवून घ्या. गट ऑफिसमधला चिटबॉय (शेतावर उसाच्या नोंदी बघणारा कर्मचारी) फडाच्या बांधावरून मोबाइलवर पान उघडतो. पहिले पान अर्ध्या एमबीच्या आत बसले पाहिजे, आणि एकटा फलकच चार एमबीचा असेल तर बाकीची काटकसर वाया जाते.

शोधाला सगळ्यात जास्त वेळ द्या. लोक ‘शोधलं, सापडत नाही’ म्हणतात तेव्हा कागद बहुतेक वेळा तिथेच असतो. पहिली अडचण जुन्या फॉण्टची. श्री-लिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली परिपत्रके डोळ्यांना मराठी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. तपासायची रीत सोपी आहे: पीडीएफमधली एक ओळ निवडा, नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी उमटली तर ठीक, नाहीतर ती युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला मराठी म्हणून कळणाऱ्या अक्षरांत, बदलावी लागेल. बदलून झाल्यावर जोडाक्षरे, रफार आणि आकडे डोळ्यांखालून घाला, कन्व्हर्टर तिथेच घसरतो. स्कॅन केलेल्या कागदांसाठी ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर) चालते, स्कॅन ३०० डीपीआयचा हवा. सहीवर शिक्का बसलेला भाग आणि सेवाज्येष्ठतेचे तक्ते त्यातून नीट निघत नाहीत. म्हणून सगळे जुने दप्तर ओसीआरला लावू नका. चालू परिपत्रके तेवढी करा, बाकीच्यांना क्रमांक, तारीख, विषय आणि दोन ओळींचा गोषवारा हाताने टाइप करून जोडा.

दुसरी अडचण युनिकोडमध्येही उरते. ‘कर्मचाऱ्यांची’ हा शब्द घ्या. एका कीबोर्डवरून त्यात नुक्त्याचा ऱ येतो, दुसऱ्यावरून साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधयंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘ॲडव्हान्स’मधल्या ॲचेही तसेच: कोणाकडे ते एक अक्षर, कोणाकडे अ वर चंद्र. युनिकोडचे नेहमीचे नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याची रीत) या दोन्ही जोड्या एक करत नाही. शोधाची अनुक्रमणिका बनताना आणि शोध घेताना, दोन्हीकडे बदलीचा नियम स्वतः घालावा लागतो. देवनागरी आणि इंग्रजी आकड्यांनाही हाच नियम लावा. मग विभक्ती. ‘ऊस’ शोधणाऱ्याला ‘उसाची नोंद’ सापडत नाही, कारण पहिलेच अक्षर बदलते. ‘रजा’ला ‘रजेचा अर्ज’ सापडत नाही. यावर समानार्थींची फाइल ठेवा: ऊस, उसाची, उसाचे, केन, रजा, रजेचा, सुट्टी, लिव्ह. खिडकीवरच्या वहीतले शब्द इथेच कामी येतात. पुढे दर सोमवारी ‘शून्य निकाल’ आलेल्या शोधांची यादी काढा आणि वरचे दहा शब्द फाइलमध्ये घाला. अर्ध्या तासाचे काम आहे, महागडे नवे सॉफ्टवेअर घेण्याआधी एवढे करून बघा.

शोध सुधारला की लपलेले कागदही वर येतात, हे विसरू नका. साध्या कामगाराच्या लॉगिनने ‘आधार’, ‘बँक खाते’, ‘शिस्तभंग’, ‘कर्ज कपात’ हे शब्द शोधून बघा. कोणीतरी कधीतरी सार्वजनिक फोल्डरमध्ये टाकलेली पीएफची यादी किंवा आधारच्या झेरॉक्सचे स्कॅन निघाले, तर ते आधी हलवा, मग बाकीचे बोला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेत कर्मचाऱ्यांची माहितीही येते. वजनकाट्यावर तिन्ही पाळ्या एकाच पासवर्डवर चालत असतील तर ते बंद करा. हंगामी कामगारांची खाती मात्र हंगाम संपला म्हणून बंद करू नका. त्यांना पगारपत्रक आणि रिटेन्शन अलाउन्सची (बिगरहंगामातल्या भत्त्याची) नोंद बघण्यापुरती उघडी ठेवा, नाहीतर ऑक्टोबरात शेकड्यांनी पासवर्ड नव्याने द्यावे लागतील.

ज्यांच्याकडे कंपनी मेल नाही, त्यांच्यासाठी हजेरीच्या मशिनजवळ एक पडदा लावा. पंखा नसलेला संगणक घ्या, बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) भुसा पंख्यात बसतो आणि महिन्याभरात मशिन तापून बंद पडते. वापर नसेल तर मिनिटभरात आपोआप लॉगआउट, कारण मागचा माणूस पुढच्याचा पगार वाचत असतो.

पुराची तयारी सांगली जिल्ह्यात वेगळी करावी लागते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. सर्व्हर आणि यूपीएस तळमजल्यावर असतील तर जूनच्या आत वर चढवा. बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक नदीपासून लांबच्या ऑफिसात. बॅकअप घेतला जातो म्हणून निर्धास्त राहू नका, एक फोल्डर पुसून परत आणून बघा. लॉगिनशिवाय उघडणारे, फोटो नसलेले एक पूर-पान तयार ठेवा: कोणी कुठे हजर व्हायचे, गाड्या कोणत्या रस्त्याने, कॉलनीतल्या लोकांची सोय कुठे. त्याच पानाची छापील प्रत गेटवर, कारण वीज गेली की पडदा जातो.

सप्टेंबरात चाचणी. फिटर, क्लार्क, चिटबॉय, केमिस्ट, सुरक्षारक्षक अशी पाच-सहा माणसे पुरतात. ‘रजा विभागात जा’ असे सांगितले तर उत्तर आधीच दिले. ‘मंगळवारी मुलीला दवाखान्यात न्यायचं आहे, अर्ज काढा’ असे म्हणा आणि गप्प बसा. तिघे एकाच जागी अडले तर त्या जागेचे नाव चुकले आहे.

जुने पत्ते मोडू नका. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये पडलेल्या लिंक आणि सूचना फलकावर चिकटवलेले क्यूआर कोड नव्या पानाकडे वळले पाहिजेत. परिपत्रकाचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, लिंक टाकायची, हा नियम टिकतो तो लिंक दोन टिचक्यांत उघडत असेल तरच. भेटींच्या आकड्यावर खूश होऊ नका; इंट्रानेट ब्राउझरचे पहिले पान असेल तर तो आकडा आपोआप फुगतो. जुन्या नमुन्यावर किती अर्ज आले आणि सही झाल्यापासून परिपत्रक चढायला किती तास लागले, हे मोजा.

अग्निप्रदीपनाच्या, म्हणजे बॉयलर पेटवण्याच्या, आठ दिवस आधी बदल थांबवा. त्यानंतर फक्त मजकुराची दुरुस्ती, मेनूला हात नाही. रात्रपाळीत लॉगिन अडले तर कोणाला फोन करायचा, त्याचा नंबर लॉगिनच्या पडद्यावरच लिहा. आत लिहिला तर अडलेल्याला तो दिसत नाही.