घोड्याचा घाम निपटताना

दस्तुरी नाका ते बाजारपेठ अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की मे महिन्यात आमची घोडी चांदणी मानेपासून मांड्यांपर्यंत निथळते. माथेरानची तांबडी धूळ त्या घामावर बसते, लगाम घासतो तिथे पांढरा फेस येतो. तिला तशीच खुंट्याला बांधून मी जेवायला जात नाही. पहिला अर्धा तास तिचाच.

आल्या आल्या तंग, म्हणजे जिनाचा पोटाखालचा पट्टा, सैल करा, सावलीत जरा फिरवा, मग जीन उतरवा. घोटभर पाणी पाजायला हरकत नाही. तापलेल्या अंगावर गार पाणी पडलं तर स्नायू आखडतात असं जुनी माणसं सांगायची. मीही तेच मानायचो, पण तसं होत नाही. मान, छाती, मांड्यांची आतली बाजू इथे पाणी ओता. तिथे मोठ्या शिरा कातडीच्या जवळ असतात.

आता घाम-पाणी निपटायची पट्टी. माझी अ‍ॅल्युमिनियमची आहे, थोडी वाकलेली, एका कडेला रबर लावलेलं. ती मानेवर वरून टेकवायची आणि केसांच्या दिशेने एका दमात खाली ओढायची, हात हलका ठेवून. पहिल्या वेळी कडेवरून तांबडं पाणी गळतं, तिसऱ्या वेळी स्वच्छ. पाठीचा कणा, गुडघे, जिथे हाड वर आलंय तिथे पट्टी लावू नका; तिथे फडकंच बरं. अंगावर राहिलेलं पाणी अंगाच्याच उष्णतेने तापतं, म्हणून बादलीभरच पाणी असेल तर ओता, निपटा, पुन्हा ओता. नळी चालू असेल तर निपटण्यात वेळ घालवू नका, ओतत राहा; पट्टी शेवटी एकदाच फिरवा.

पुढचं काम जुन्या सुती टॉवेलचं. कानांची मुळं, तंगाची जागा आणि खुराच्या वर मागे असलेला खळगा नीट टिपा. तो खळगा ओला राहिला की पावसाळ्यात कातडी फुटते, खपल्या धरतात. मग सुक्या गवताचा पीळ देऊन केलेल्या बोळ्याने अंग चोळा.

खरारा, म्हणजे दात्यांचा ब्रश, मात्र अंग पूर्ण कोरडं झाल्यावरच. सुरुवातीच्या वर्षांत मी घाईने ओल्या अंगावर खरारा मारला होता. धूळ आणि घामाचा चिखल केसांच्या मुळाशी गेला, वरून जीन बसलं आणि दोन दिवसांत पाठ सोलली. बरी होईपर्यंत घोडी कामाला काढली नाही.

कुशीची हालचाल बघून पंधरा सेकंद श्वास मोजा आणि चारने गुणा. विसावलेला घोडा मिनिटाला साधारण 8 ते 16 श्वास घेतो, अंगाचं तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस. अर्ध्या तासानंतरही धाप कमी होत नसेल, किंवा अंग तापलेलं असून घाम येणं थांबलं असेल, तर पाणी ओतत राहा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा.

मी शेवटी पुढच्या दोन पायांमध्ये, छातीखाली उलटा हात लावतो. तिथे कोमट आणि कोरडं लागलं की चांदणीपुढे गवत टाकतो.