कॉमन्सवर गस्त घालायचीय? मग हे वाचा

विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या फोटोंच्या भांडारावर, राखणदारी करायला अ‍ॅडमिन असावं लागत नाही, साधं खातं पुरतं. आधी 'अलीकडील बदल' उघडा, तिथे कुणी वर्णन पुसून शिव्या लिहिल्या असतील तर ती एडिट उलटवायची, वाद घालत बसायचं नाही, विषय संपला.

खरी डोकेदुखी नवीन अपलोड्सची. हिरोचा एकदम चकाचक फोटो, साइज बारीक, एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठवलेल्या माहितीत) कॅमेऱ्याचं नावगाव नाही आणि खाली 'स्वतःचे काम' लिहिलंय, म्हणजे बहुतेक कुठून तरी उचललेला, पण नुसत्या संशयावर उडी मारू नका, गूगल लेन्स नाहीतर टिनआय वर (हे फोटोवरून फोटो शोधतात) टाकून बघा, जुनी कॉपी सापडली तर लिंक देऊन कॉपीव्हायोचा (कॉपीराइट भंगाचा) टॅग लावा. शंकाच असेल तर डिलीशन रिक्वेस्ट टाका, म्हणजे फाइल काढायची का यावर चर्चा, ती साधारण ७ दिवस चालते.

आपल्याकडची एक गंमत म्हणजे चौकातल्या कायमच्या पुतळ्याचा स्वतः काढलेला फोटो चालतो, पण भिंतीवरच्या म्युरलचा नाही, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातली सूट चित्रांना नाही ना. यात नवखे हमखास अडकतात, तेव्हा टॅग लावला की त्यांच्या चर्चापानावर दोन ओळी मराठीत लिहा, नुसता टेम्प्लेट (तयार साचेबंद मजकूर) आपटू नका.