आज्जीनं शिकवलेली विडी

आमची आज्जी निपाणीकडची. लग्न होऊन कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आली तरी विड्या वळायचं मांडीवरचं सूप काही सुटलं नाही. मी विडी ओढत नाही, पण वळता येते.

आदल्या रात्री टेंभुर्णीची पानं भिजवायची, मग ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. कोरडं पान वळताना चिरतं, फार ओलं असलं तर विडी कुजकट लागते. सकाळी पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीनं कापायचं. जाड शीर बाजूला टाका, ती आली की वळण बसतच नाही.

आता खरं काम. पान डाव्या हातात. चिमूटभर तंबाखू लांबट पसरायची, एका टोकाला जरा कमी. दोन्ही अंगठ्यांनी कड आत दाबून तिरकं वळत न्यायचं, म्हणजे एक तोंड बारीक, एक रुंद होतं. माझी पहिली विडी सैल झाली, सगळी तंबाखू सुपात. आज्जी म्हणाली, "आरं, पोळी लाटतोयस व्हय? बोटाच्या शेंड्यानं वळ, तळव्यानं नको!" त्या एका वाक्यानं जमलं.

रुंद तोंड नखानं आत मुडपायचं, पेटवायची बाजू ती. बारीक बाजूला दोऱ्याचे दोन वेढे. पंचवीस झाल्या की एक कट्टा.

मजुरी हजार विड्यांमागे मिळायची. तंबाखूच्या धुरळ्यानं आज्जीला खोकला जडला, म्हणून मी फडकं बांधूनच बसतो.